‘आमच्या गावात असलं काही नव्हतं’ : वसाहतोत्तर कादंबऱ्या, हिंसा आणि आपण कोकणवाले

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. दोन-अडीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिला धागा काढतेय तो रागाच्या भरात, हे आधीच कबूल करते. लांबण लागेल.

आमचा नऊ जणांचा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. पावसाळ्यात निम्मेच येतात. यंदा ठरवलं की साहेब गेल्यावर त्या त्या देशातल्या लोकांनी आपलं आपण जे लिहिलं ते वाचायचं. सुरुवात चिनुआ अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’पासून. १९५८ सालची कादंबरी, नायजेरियातल्या इग्बो लोकांची. आधी मिशनरी येतो, मागून कचेरी येते, कोर्ट येतं, आणि ओकोंक्वो नावाचा गावचा नामांकित मल्ल मोडून पडतो. तासभर झकास चर्चा झाली. गोऱ्यांना शिव्या घालून झाल्या.

मग मी म्हटलं, मला ओकोंक्वोपेक्षा ‘ओसू’ जास्त लक्षात राहिले. ओसू म्हणजे देवाला वाहिलेले, पिढ्यानपिढ्या वेगळे ठेवलेले लोक. त्यांच्याशी सोयरीक नाही. त्यांनी केस कापायचे नाहीत, जटा हीच त्यांची खूण. हे ओसू नव्या प्रार्थनाघरात येऊन बसतात तेव्हा कोण बिथरतं? जे इग्बो आधीच ख्रिस्ती झालेत तेच. किआगा नावाचा उपदेशक त्यांचं ऐकत नाही. उलट ओसूंना सांगतो, जटा उतरवा. ते घाबरतात, उतरवल्या तर मरू म्हणून. उतरवतात. मरत नाहीत. त्या सबंध प्रसंगात गोरा माणूस नाही. सगळे एकाच रंगाचे.

यावर आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘‘ते देशावर असेल हो. आपल्या कोकणात असलं काही नव्हतं. सगळे गुण्यागोविंदानं राहायचे.’’ दोघांनी माना डोलावल्या. मी पोह्यांच्या बशा गोळा करायला उठले.

आता घरी येऊन चरफडतेय. आमची आजी कुळाच्या घरातली, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची. खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घराला पायऱ्या किती, कुठली पायरी निखळलेली, हे तिला म्हातारपणीही तोंडपाठ होतं. आत पडवी कशी होती ते मात्र ठाऊक नव्हतं. कारण भारा पायरीशी उतरवायचा आणि तिथूनच मागं फिरायचं. तिला कधी कोणी मारलं नाही. मग हे गुण्यागोविंदानं होतं का?

प्रश्न एवढाच आहे. हिंसा गोऱ्यानं केली की आपल्याला लगेच दिसते. लाठी, तुरुंग, गोळीबार. तीच घरच्या माणसानं, आवाज न करता केली तर ती ‘पद्धत’ होते. परक्या देशातली पुस्तकं वाचताना तुम्हाला असं कुठे अडखळायला झालं का?

---

सुरमई_फ्राय (कुडाळ)

हयसर खोत इले की धागो शंभरी गाठतलो. पॉपकॉर्न घेऊन बसलंय. हलके घ्या.

---

एमए_पार्ट_टू (चिपळूण)

उत्तम विषय, ताई. आमच्या अभ्यासक्रमात हाच पेपर आहे. थोडक्यात मांडतो. वसाहतोत्तर विचारात हिंसेचा पाया फ्रांझ फॅननने घातला. ‘द रेचेड ऑफ द अर्थ’, १९६१, प्रस्तावना सार्त्रची. त्यानुसार वसाहत हीच मूळ हिंसा, आणि वसाहतीतल्या माणसाची प्रतिहिंसा त्याला न्यूनगंडातून मोकळं करते. पुढे गायत्री स्पिवाक १९८८ मध्ये विचारते की सबाल्टर्न बोलू शकतो का. म्हणजे परिघावरच्या माणसाचं बोलणं प्रस्थापित चर्चाविश्वात ऐकूच येत नाही. ओसू हे अंतर्गत परिघीकरणाचं उदाहरण म्हणता येईल. आत्मभान आणि परात्मता यांच्या द्वंद्वातून…

(मोबाईलवरून टंकतोय, उरलेलं नंतर.)

---

सुरमई_फ्राय

उरलेला नंतर नको. माका पयल्या वाक्यापासून न्यूनगंड इलो.

---

जगबुडी (मूळ खेड, सध्या पुणे)

धागाकर्तीचा राग समजू शकतो, पण एकतर्फी वाटला. आमचं घराणं खोतांचं. सांगायला लाज नाही आणि अभिमानही आता उरलेला नाही.

पहिलं म्हणजे सगळे खोत राक्षस नव्हते. दुसरं, खोत इंग्रजांच्या आधीपासूनचे हे खरं, पण १८८० च्या खोती कायद्यानं त्या जुन्या अधिकारावर सरकारी शिक्का बसला. सारा वसूल करून द्यायची जबाबदारी खोताची. वरून सरकार पिळणार, म्हणून खाली खोत पिळणार. मग तो वसाहतीचा हस्तक की बळी? तिसरं, १९४९ च्या कायद्यानं खोती गेली आणि आमच्याकडे राहिलं काय, तर गळकं घर, नऊ कलमं आणि भाऊबंदकीचे दावे. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) वाचा. आमच्याच जगबुडीच्या काठी एका घराण्याच्या चार पिढ्या कशा खचत गेल्या ते दिसेल. ती शोकांतिका नाही का?

---

खाडीपलीकडे

जगबुडी, आहे ना. मी ती दोनदा वाचलीय, रडलेसुद्धा. पण लक्षात घ्या, त्या घराच्या आत मी गेले ती कादंबरीमुळे. आजीला जाता आलं नाही.

---

मंडणगड_लोकल (मुंबई)

जय भीम. चार दिवस धागा वाचतोय. आज रविवार, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव मंडणगड तालुक्यात. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे ते याच तालुक्यातलं. म्हणजे ‘कोकणात असलं काही नव्हतं’ हे वाक्य बोलणाऱ्यानं किती मोठी भिंत डोळ्यांसमोर धरली असेल बघा. महाड कोकणातच आहे ना? की वाद निघाला की ते देशावर ढकलायचं?

क्रम बघा. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तसा ठरावही केला. कागद झाला, पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला माणसं तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. नंतर अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मांडवात लोक जेवत होते तिथे हल्ला झाला. अन्न मातीत मिसळलं. परतीच्या वाटेवर गाठून गाठून मारलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. मग तळं ‘शुद्ध’ केलं, पंचगव्य ओतून. निकाल हायकोर्टातून लागला तो १९३७ ला. दहा वर्षं एका ओंजळीसाठी.

एमए भाऊ, तुमच्या फॅननबद्दल एक विचारतो. त्या मांडवात पेन्शनर सैनिक होते. पहिल्या महायुद्धाचा अनुभव असलेले. कोकणातला महार बंदूक धरायला इंग्रजांच्या फौजेतच शिकला. दापोली तर पेन्शनरांचंच गाव. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन तिथेच राहिलेले. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे. तर असे हात शिवशिवणारे लोक बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत होते. त्यांनी शब्द दिला नाही. हात उचलायचा नाही म्हणाले. माराचं उत्तर कोर्टात दिलं आणि डिसेंबरात, २५ तारखेला, मनुस्मृती जाळून दिलं. पुस्तक जाळलं, घर नाही.

मग सांगा, प्रतिहिंसेनं माणूस मोकळा होतो हे कुठे बसवायचं? ज्यांना मारता येत होतं त्यांनी मारलं नाही. ते भ्याड होते असं म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

आणि ‘अंतर्गत परिघीकरण’ म्हणालात. परीघ म्हणजे कडेला, बरोबर? ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) उघडा. रत्नागिरीजवळचं फणसवळे त्यांचं गाव. त्या सांगतात की आमच्या कोकणात महारांची घरं गावाच्या कडेला नसून मध्यात असायची. का? तर कुठल्याही बाजूनं हाक मारली की ऐकू यावी. कामाला कधीही बोलावता यावं. आम्ही परिघावर नव्हतो हो, बरोब्बर मध्यावर होतो. हाकेच्या अंतरावर. तुमच्या पेपरात याला काय म्हणतात?

---

सुरमई_फ्राय

हाकेच्या अंतरावर. ह्या वाचून चाय थंड झाली माझी. पॉपकॉर्न मागे घेतंय.

---

हापूस_१००_टक्के

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

संपादक

वरचा प्रतिसाद जातिवाचक असल्यानं काढला आहे. ‘कुठल्या वाडीतले तुम्ही?’ असे प्रश्न या धाग्यावर विचारू नयेत. विषय साहित्याचा आहे, तिथेच राहू या.

---

मंडणगड_लोकल

संपादक, धन्यवाद. पण खरं सांगू का, तो प्रतिसाद राहू द्यायला हवा होता. ज्येष्ठांना दाखवता आला असता.

---

खारेपाट (अलिबाग)

आमच्याकडचीही भर घालतो, कारण कोकण म्हटलं की लोक रत्नागिरीखालीच बघतात.

चरीचा संप. १९३३ ला सुरू झाला, सहा वर्षं चालला. अलिबागच्या खारेपाटात आगरी कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. नारायण नागू पाटील पुढारी. गावंच्या गावं सहा वर्षं पेरणीविना. कोणावर हत्यार उपसलं नाही. फक्त नांगर उचलला नाही. १९३७ ला बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती बंद करायचं विधेयक आणलं आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला गेला, त्यात आमच्याकडची माणसं होती. महार आणि कुणबी आणि आगरी एका मोर्चात.

शाळेत मी बार्डोली शिकलो. चरी घरापासून सायकलच्या अंतरावर, ती आजोबांकडून कळली. आजोबा फार बोलायचे नाहीत, पण भात सांडलेलं त्यांना बघवायचं नाही. आम्ही पोरं हसायचो.

जगबुडी साहेब, तुमच्या ‘हस्तक की बळी’ला माझं साधं उत्तर. सारा भरायची जबाबदारी इंग्रजांनी दिली असेल. पायरीशी उभं करायची जबाबदारी त्यांनी दिली नव्हती.

---

शेवग्याची_शेंग (गुहागर)

चर्चा छान चाललीय, पण सगळी सैनिकांची, मोर्च्यांची, कोर्टाची. बायका कुठायत? मी चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. माझ्या वर्गात सगळ्यात आधी गळायच्या त्या मुली.

त्सित्सी दांगारेम्ब्गाची ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) वाचा, झिंबाब्वेची, तेव्हाची र्‍होडेशिया. ती सुरूच होते ती मुलगी आपल्या भावाच्या मरणाचं दुःख झालं नाही असं सांगत. वाचणारा दचकतो. मग कारण कळतं. टांबू आपल्या शाळेच्या फीसाठी स्वतः मका लावते, खुरपते, राखते. आणि कणसं चोरीला जातात. चोर कोण? सख्खा भाऊ. शाळेत जाणारा, घराण्याचा दिवा. गोऱ्यांनी त्या देशाची जमीन बळकावली हे मागे सगळीकडे आहेच. पण तिच्या हातातलं कणीस नेलं ते घरच्यानं.

आयदानमध्येही मला तळं, सभा यांपेक्षा टोपल्या आठवतात. आई बसून बुरूडकाम करते, मुलगी ते आयदान घरोघर पोचवते. लोक तिला बाहेर उभं करतात, टोपलीवर पाणी शिंपडून मग आत घेतात आणि पैसे वरून टाकतात, हाताला हात लागू नये म्हणून. तीच टोपली पुढं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाणार, तिच्यात तांदूळ धुतले जाणार. विणणारे हात चालतात, स्पर्श चालत नाही. मुलीचं वय काय तर शाळकरी. तिच्या तळहातावर वरून पडणारं नाणं म्हणजे मला लाठीपेक्षा…

जाऊ दे. मी पण रोवळी विकत घेतलीय बाजारातून, घासाघीस करून. पैसे कसे दिले होते ते आठवायचा प्रयत्न करतेय परवापासून.

---

एमए_पार्ट_टू

परीक्षा होती म्हणून गायब होतो. मंडणगड दादा, तुमचा प्रतिसाद आमच्या सरांना वाचून दाखवला. फॅननबद्दल दोन गोष्टी सुधारून घेतो, कारण आधी मी नोट्सवरून लिहिलं होतं आणि आता पुस्तक खरंच उघडलं.

एक म्हणजे हिंसेवरचं पहिलं प्रकरण सगळे उद्धृत करतात, पण तो मानसोपचारतज्ज्ञ होता. अल्जीरियात ब्लिदाच्या इस्पितळात काम करायचा. शेवटच्या भागात त्याच्या रुग्णांच्या नोंदी आहेत. छळ सोसलेल्यांच्याही आणि छळ करणाऱ्यांच्याही. एक युरोपियन पोलीस अधिकारी आहे, तो दिवसभर चौकशीच्या नावाखाली लोकांना छळतो आणि घरी जाऊन बायकोपोरांना मारतो. म्हणजे हिंसेनं माणूस मोकळा होतो एवढंच त्याचं म्हणणं नाही. ती माणसात कुठेकुठे मुरते हे तो जवळून बघत होता. दुसरं, वसाहतीतला माणूस आधी आपल्याच शेजाऱ्यावर हात उगारतो, वरच्यावर नाही, हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

‘परिघीकरण’ मागे घेतो. हाकेच्या अंतरावरचं पानही वाचलं.

आता एक बचाव. शब्द जड असले तरी सिद्धांत नसता तर अचेबे आणि आयदान एका धाग्यात आलेच नसते ना?

---

शेवग्याची_शेंग

बाळा, रागावू नकोस, पण महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ वाचलीस का? १९७८ ची बंगाली कथा. नक्षलबारीनंतरचा काळ. दोपदी मेझेन ही संथाळ बाई सरकारच्या हिटलिस्टवर. तिला पकडायला सेनानायक नावाचा अधिकारी आहे. तो अडाणी नाही. उलट चांगला वाचलेला. शत्रूला जिंकायचं तर आधी त्याला समजून घ्यायचं, मनानं त्याच्यासारखं व्हायचं, असं त्याचं तत्त्वज्ञान. जंगलातल्या माणसांबद्दल त्याला फार आस्था, कागदावर. आणि पकडल्यावर तिच्याशी काय करायचं याचा हुकूमही तोच देतो. स्वतः जेवायला निघून जातो.

सकाळी दोपदी कपडे घालायला नकार देते. तशीच, जखमांसकट, त्याच्यासमोर येऊन उभी राहते. आणि तो माणूस, ज्याला सगळं समजतं, आयुष्यात पहिल्यांदा निःशस्त्र बाईला घाबरतो.

तू नाव घेतलंस त्याच स्पिवाकबाईंनी १९८१ ला ही कथा इंग्रजीत नेली, आणि सुरुवातीलाच लिहिलं की या सेनानायकात आम्ही विद्वान लोक आम्हालाच बघू शकतो. म्हणून म्हणते, सिद्धांत हवाच. फक्त दुसऱ्याला समजून घेता घेता सेनानायक होऊ नकोस.

---

एमए_पार्ट_टू

बाई, हे परीक्षेच्या आधी सांगायला हवं होतंत. पाच मार्कांना होतं.

---

सुरमई_फ्राय

थोडा अवांतर, पण विषयाला धरून. प्रमाणात लिहितो, नाहीतर संपादक भाषांतर मागतील.

केनियाचा न्गूगी वा थिओंगो. आधी इंग्रजीत लिहायचा, नाव कमावलेला. १९७७ च्या शेवटी त्याला सरकारनं उचललं, वर्षभर तुरुंगात. हे सरकार गोऱ्यांचं नाही हं, स्वतंत्र केनियाचं. का उचललं? तर गावकऱ्यांबरोबर गिकुयूत, त्यांच्या भाषेत, नाटक केलं म्हणून. इंग्रजीत टीका केली होती तोवर चाललं. गावाला कळेल अशा भाषेत केली तेव्हा भारी पडली. तुरुंगात त्यानं संडासच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली.

आमच्या शाळेत मालवणी बोललं की छडी होती. मराठीच्या तासाला. हातावर वळ गोऱ्याचा नव्हता. तरीपण मी ह्याची तुलना वरच्या गोष्टींशी करत नाय. छडी खाऊन मी घरी जाऊन त्याच भाषेत आईशी भांडायचो, आणि पाणी पण पुढच्या दारानं प्यायचो. त्यात फरक असा, तो कळता माका.

---

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. एक माझ्या गावाचीच भर.

आमच्याकडे पाहुणे आले की थिबा पॅलेस दाखवायचा, मग पॉइंटवरून सूर्यास्त, मग आंबापोळी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, १८८५ ला मंडाले पडलं, १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत ठेवला. तीस वर्षं. आपण चुकचुकतो. अमिताव घोषच्या ‘द ग्लास पॅलेस’मध्ये (२०००) ही रत्नागिरी आहे म्हणून मी हौसेनं वाचायला घेतली. ओळखीच्या जागा शोधत होते. पण सुरुवातच कशी होते, तर मंडाले घेणारे इंग्रजांचे शिपाई जवळ येतात आणि बघणाऱ्यांना दिसतं की ते गोरे नाहीत. हिंदी आहेत. आपले. आणि मग तिथल्या हिंदी पोराला लोक धरून मारतात.

बरं, याच पुस्तकाला २००१ ला कॉमनवेल्थ पारितोषिकाच्या यादीत घेतलं तेव्हा घोषनं ते काढून घेतलं. ज्या साम्राज्याबद्दल लिहिलं त्याच्याच नावाचं बक्षीस, आणि तेही फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांना. मला आवडलं ते.

दर वेळी पॅलेसमध्ये मी स्वतःला राजाच्या बाजूला उभी करत आले. कैदी, परागंदा, बिचारा. शिपायांच्या बाजूला उभं राहून कधी बघितलंच नाही. आणि राजानं स्वतःच्या भावंडांची कत्तल करवून गादी सांभाळली होती, ते तर पाहुण्यांना सांगतच नाही आम्ही.

ज्येष्ठांना मी धाग्याची लिंक पाठवली. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

---

मंडणगड_लोकल

ताई, दोन निळ्या टिका म्हणजे कोकणात बरंच झालं.

तुमचा शिपायांचा मुद्दा आमच्या घरातही आहे. पणजोबा फौजेतले. फौजेनं त्यांना अक्षर दिलं, बूट दिले. ते बूट कुणाच्या देशात वाजले ते आम्ही विचारलं नाही. बूट घालून स्वतःच्या गावात चालता येत नव्हतं, एवढंच घरात सांगतात. मग इंग्रज कोण आमचा? शत्रू म्हणा, पण त्याच्याच रांगेत उभं राहून आम्ही पहिल्यांदा कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावला. नंतर त्यानंच भरती बंद केली, तेव्हा वलंगकरांनी अर्ज खरडले. हे ‘आपण विरुद्ध ते’मध्ये मावत नाही. अचेबेचे ओसू म्हणूनच मला घरचे वाटले. त्यांना मिशनऱ्याबद्दल प्रेम नव्हतं. दार उघडं होतं, ते आत गेले.

---

जगबुडी

आठवडाभर लिहू की नको करत होतो.

गणपतीला गावी गेलो होतो. माळ्यावर पेटारा आहे, त्यात आजोबांच्या वडिलांच्या काळच्या वह्या. लहानपणापासून बघतोय, पण कधी उघडल्या नव्हत्या. वाळवी आणि उंदीर. या वेळी उघडल्या. बहुतेक मोडीत आहेत, मला येत नाही. पण एक वही उशिराची, बाळबोध अक्षरात. कुळांची नावं, भाताचे मण, शेवटी एक रकाना. डोक्यावर ‘वेठ’ लिहिलंय. खाली दिवस मोजलेत. दिवसांपुढे पैशाचा रकानाच आखलेला नाही. रिकामा ठेवलाय असंही नाही. नाहीच आहे.

आणि नावं. आमच्या घरच्यांची नावं पंत, राव लावून. कुळांची नुसती. आणि पानाच्या तळाशी काही नावं, सगळी ‘या’ लावून. गोप्या, धाक्या, सोन्या. वयाची नोंद एकापुढे आहे, साठ.

साठ वर्षांचा सोन्या.

मी वर लिहिलं होतं की सगळे खोत राक्षस नव्हते. पणजोबा नव्हतेच राक्षस. अक्षर फार सुंदर आहे त्यांचं. रकाने पट्टीनं आखलेत. तेच बघत बसलो होतो.

या वह्यांचं काय करू? भाऊ म्हणतो गणपतीबरोबर विसर्जन कर.

---

खारेपाट

विसर्जन अजिबात नको!! वाळवी लागलेली असेल तर आधी उन्हात नका घालू, सावलीत मोकळ्या करा.

---

मंडणगड_लोकल

जगबुडी साहेब, फोटो काढा. एकेक पान, सरळ उजेडात, आणि नावांच्या ओळी पूर्ण येऊ द्या. तळाशी लिहिलेल्या आधी.

गाव कुठलं ते मला खासगी निरोपात कळवा. आमची मामाकडची मंडळी खेड तालुक्यातली. पणज्याचं नाव सोनू होतं असं आई सांगते. कुठल्या कागदावर कधी सापडलं नाही.

---

जगबुडी

निरोप पाठवला आहे. बाळबोध वहीची बत्तीस पानं उद्यापर्यंत देतो. पण मोडीच्या सात वह्या आहेत, त्या कोणाकडून वाचून घ्यायच्या? आमच्या घरात आता कोणालाच येत नाही.

---

मंडणगड_लोकल

मला येते. जमिनीच्या जुन्या कागदांसाठी शिकलो होतो. पाठवा.